दिवाळीची हजेरी

संस्थेच्या झाशीच्या ऑफिसात सुट्ट्यांचा तक्ता लावलेला होता. धनत्रयोदशी ते भाऊबीज ऑफिस बंद; बाहेरगावच्या स्वयंसेवकांनी त्या दिवसांत घरी जाऊन यावं, अशी तिथली रीत. कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. पण गणपती उरकून २०२४च्या सप्टेंबरात मी बबीना ब्लॉकमधल्या ज्या गावात जाऊन राहिले, तिथे माझ्या एका प्रश्नाला घरोघर एकच उत्तर मिळत होतं. "दिवारी पे आहैं, तब पूछियो." दिवाळीला येतील, तेव्हा विचारा.

प्रश्न सहीचा होता.

माझी उभी नोकरी पुण्याच्या सिंचन भवनात आरेखक म्हणून झाली. धरणांचे, कालव्यांचे, सांडव्यांचे छेद काढण्यात हात झिजला. प्रत्यक्ष बांधावर पाय ठेवायची वेळ क्वचित यायची. निवृत्तीनंतर ती हौस भागवावी म्हणून पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेकडे नाव दिलं आणि त्यांनी झाशी सुचवली. घरी नवरा म्हणाला, "जा, पण दिवाळीला ये." मीही हो म्हटलं होतं.

झाशी जिल्ह्यात वर्षाला साडेआठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुणे शहरापेक्षा जास्तच. तरी उन्हाळ्यात बायका दोन-दोन तास पाण्यामागे असतात. कारण जमिनीखाली आहे. वर मुरमाड, झिजलेला थर काही मीटरचा. त्याखाली बुंदेलखंडचा ग्रॅनाइट, अखंड. जे काय मुरायचं ते वरच्या थरात. विहीर सप्टेंबरात काठोकाठ, मार्चमध्ये तळ. जुन्या लोकांनी यावर काढलेली तोड म्हणजे हवेली. उताराच्या जमिनीला आडवा लांबलचक मातीचा बांध घालायचा, पावसाळाभर पाणी अडवायचं, ते खाली मुरू द्यायचं. आणि आश्विन-कार्तिकात बांधातली मोरी उघडून पाणी सोडून दिलं की त्या ओल्या, गाळाने पोसलेल्या पोटात गहू-हरभरा पेरायचा. पोटातल्या शेताला पेरणीआधीचं पाणी द्यावं लागत नाही आणि खालच्या विहिरी उन्हाळ्यात जिवंत राहतात. याच ब्लॉकमध्ये परासई-सिंध पाणलोटात इक्रिसॅट आणि झाशीची केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था यांनी २०११ पासून काम करून अशी हवेली पुन्हा उभी केलेली आहे. ती पाहून आसपासच्या गावांना हुरूप आला. आमचं गाव त्यांतलंच एक.

आमच्या गावच्या हवेलीचा बांध फुटून कैक वर्षं झाली होती. त्यावर बेशरम माजलेली, घुशींनी बिळं केलेली. दुर्बीण लावून लेव्हल घेणं, छेद काढणं, मातीचे नमुने पाठवणं, हे मला येत होतं. गावातला बारावी झालेला एक मुलगा मोजणीचा स्टाफ धरायला यायचा आणि तिसऱ्या दिवसापासून तोच मला सांगायला लागला की जिज्जी, बुडबुडा मधोमध नाही. काम सुरेख चाललं होतं. अडलं ते कागदावर. बांध फुटल्यापासून हवेलीच्या पोटात लोक खरिपाला तीळ, उडीद, भुईमूग घेत होते. बांध पुन्हा बांधायचा म्हणजे ते पीक सोडायचं. त्यासाठी प्रत्येक खातेदाराची संमती हवी. लेखपालाकडून, म्हणजे तिकडच्या तलाठ्याकडून, खतौनीचा उतारा आणला. पोटात एकोणीस खातेदार. त्यांतले अकरा गावात नव्हते. कुणी दिल्लीला, कुणी सुरतेला, आणि पाचजण पुण्याला. हिंजवडी, वाकड, मोशी. माझ्या घरापासून रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर.

फोनवर विचारून बघा, असं ऑफिसातून सुचवलं गेलं. फोनवर सगळे "हओ जिज्जी, हओ" म्हणत. बांधकामाच्या साइटवर मिक्सर चालू असताना माणूस हो म्हणणार नाही तर काय म्हणणार? त्या होकाराला मी होकार धरायला तयार नव्हते, आणि त्याला कारण गावातच होतं. उत्तरेच्या नाल्यावर एक बंधारा आहे. तो कुणी बांधला ते इथे महत्त्वाचं नाही. ज्याच्या शेतात त्याचं पाणी शिरणार होतं तो माणूस त्या वेळी सुरतेला होता. घरच्यांनी अंगठा दिला. तो दिवाळीला परत आला, शेत पाहिलं आणि एका बाजूने बंधारा फोडून पुन्हा सुरतेला गेला. त्याला दोष देणं मला जमलेलं नाही.

घरात ज्या होत्या त्या बायका. शेताचं पाणी, माती, कुठे ओल टिकते, बांध कुठे पाझरतो, हे सगळं त्यांना पाठ. पण खतौनीत नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं, तेव्हा त्यांच्याकडून माहिती घ्यायची आणि होकारासाठी थांबायचं, असा उलटा कारभार. मला तो शेवटपर्यंत टोचत राहिला. आपल्याकडे लक्ष्मी मुक्ती योजनेने सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची सोय झाली. तीसुद्धा किती घरांत वापरली गेली ते आपण जाणतोच.

तेव्हा ठरवलं की दिवाळीला इथेच राहायचं. वर्षातून एकदाच जे गाव पूर्ण भरतं, ते नेमकं आपण सुट्टीवर असताना भरणार असेल तर आपण बाकीचे दिवस इथे काय करतोय? आईला फोन केला. ती पंच्याऐंशीच्या घरातली. म्हणाली, "अगं, दिवाळीत कुणी काम करतं का?" मी म्हटलं, "आई, ते सगळे बारा महिने काम करतात आणि दिवाळीत तेवढे घरी असतात." थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग, "भाऊबीजेला दादाला काय सांगू?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दादा तेवढ्यासाठी कोल्हापूरहून येतो.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात खरेदीला झाशी शहरात गेले. मराठी माणसाला हे शहर पूर्ण परकं होऊच शकत नाही. १७२९ मध्ये जैतपूरला बाजीराव छत्रसालाच्या मदतीला धावला आणि बदल्यात हा मुलूख पेशव्यांकडे आला. पुढे नारोशंकर इथे सुभेदार झाले आणि त्यांनी किल्ल्याभोवती शहर वसवलं. मग लांजा तालुक्यातल्या कोटचे नेवाळकर. १८४२ मध्ये ज्या गणेश मंदिरात राणीचं लग्न लागलं, तिथे आजही मराठीत बोलणारी माणसं भेटतात. त्यांच्या मराठीला थोडा हिंदीचा हेल आहे, पण आरती अगदी आपली. लक्ष्मीतालाच्या काठी नेवाळकरांची महालक्ष्मी आहे. तिथे ओटी भरली.

मला आठवत होते ते मात्र वरसईचे विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईहून हा भिक्षुक १८५७ साली निघाला, तो घरचं कर्ज फिटावं म्हणून. मथुरेला बायजाबाई शिंदे सर्वतोमुख यज्ञ करणार, मोठी दक्षिणा मिळेल, एवढाच हिशेब. वाटेत बंड पेटलं आणि हा गृहस्थ झाशीत येऊन १८५८च्या एप्रिलमध्ये शहर इंग्रजांनी लुटलं तेव्हा आत अडकला. मिळवलेलं गेलं. दोन वर्षांहून अधिक काळाने गंगेची कावड खांद्यावर घेऊन तो घरी पोचला. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये 'माझा प्रवास' छापलं म्हणून आपल्याला हे कळतं. परमुलखात पोटासाठी गेलेल्या माणसाने सणावारी घर सोडून राहणं हे काही स्वयंसेवकांनी शोधून काढलेलं नाही. विष्णुभटांनी ते केलं, आणि आज बुंदेलखंडातली कितीतरी तरुण माणसं करतात. मला निदान पेन्शन आहे आणि परतीचं तिकीट कन्फर्म होतं.

गाव धनत्रयोदशीपासून भरायला लागलं. त्याच आठवड्यात, २७ ऑक्टोबरला, मुंबईत वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरच्या गाडीत चढताना चेंगराचेंगरी होऊन माणसं जखमी झाल्याची बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती. आमच्याकडे येणारे पंजाब मेल आणि झेलमने आले. एकजण पुणे ते झाशी संडासाच्या दाराशी उभा राहून आला होता आणि ते सांगताना तो हसत होता. त्याच्या पिशवीत माझ्या घरचा फराळाचा डबा होता. वाकडला गवंडीकाम करणारा हा माणूस. माझ्या नवऱ्याने पुणे स्टेशनला जाऊन त्याच्या हाती डबा सोपवला होता. मी त्यांच्या गावी आणि माझी दिवाळी त्यांच्या सामानातून येणार, याची मला गंमत वाटली. डब्यात चकल्यांचा भुगा झालेला, चिवडा तेवढा शाबूत. पोरांनी भुगा मुठीमुठीने खाल्ला. लाडू बऊने, म्हणजे मी ज्यांच्या घरी राहत होते त्या आजींनी, कपाटात कुलूप लावून ठेवले. करंजी त्यांना ओळखीची निघाली. त्यांची गुजिया तीच, आत खवा.

त्या वर्षी पंचांगाने घोळ घातला होता, हे वाचकांना आठवत असेल. अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपली. आपल्याकडे ३१ला अभ्यंगस्नान आणि १ला लक्ष्मीपूजन. गावात ३१लाच लक्ष्मीपूजन. त्यामुळे पहाटे मी एकटीने तिळाचं तेल अंगाला लावून आंघोळ केली, उटण्याच्या जागी बेसन, आणि पायाखाली चिरडायला कारेटं नाही. बऊंच्या सुनेला वाटलं माझं अंग दुखतंय. संध्याकाळी तिने भिंतीवर गेरूने सुराती काढली. चौकोनाचौकोनांची जाळी, त्यातून आकाराला येणारे लक्ष्मी आणि विष्णू. पट्टी नाही, मोजमाप नाही. आयुष्यभर रेषा ओढलेली मी बघत बसले आणि मनातल्या मनात तिला शंभर मार्क देऊन टाकले. पुढ्यात लाह्या-बत्तासे आणि साखरेची चित्रं; आपल्या पूजेतलीच. मग दिवे दारात, विहिरीवर, उकिरड्यावर, आणि कुणीतरी फुटक्या हवेलीच्या बांधावरही दोन ठेवून आलं.

त्या रात्री घरी फोन लागला नाही. टॉवर होता, पण सगळं गाव एकदम फोनवर होतं.

आता महत्त्वाची गोष्ट. गोवर्धनपूजा २ तारखेला. म्हणजे १ नोव्हेंबर, शुक्रवार, हा दिवस गावाला मोकळा पडला. सगळे पुरुष घरी आणि करायला काही नाही, असा दिवस तिथे वर्षात पुन्हा येत नाही. पंचांगकर्त्यांच्या मतभेदाचे माझ्यावर उपकार आहेत. सकाळीच स्टाफवाल्या मुलाला घेऊन मी हवेलीच्या पोटात चुन्याची फक्की मारली. भुईमूग निघून गेलेला, जमीन उघडी, त्यामुळे पांढरी रेघ लांबून दिसत होती. या रेघेपर्यंत पाणी येणार. नकाशा दाखवून जे महिन्याभरात समजावता आलं नाही, ते त्या रेघेवरून चालताना लोकांना पाच मिनिटांत कळलं. कुणाचं किती बुडतं, ते ज्याने त्याने पावलांनी मोजलं.

दुपारी बैठक हरदौलच्या चौथऱ्याशी. बुंदेलखंडात गावोगावी हा चौथरा असतोच. पोटातल्या सगळ्यात वरच्या शेताचा मालक, पांढऱ्या मिशांचा, पहिल्यापासून फुरंगटून बसला होता. मी त्याच्याकडे वळणार एवढ्यात शेजारून माझा डबेवाला गवंडी हळूच मराठीत म्हणाला, "ताई, काकांना आधी विचारू नका. ते नाही म्हणले की सगळे नाही म्हणतील. शेवटी विचारा." पुण्यात काढलेल्या वर्षांनी त्याला जी मराठी दिली होती ती तो इथे गुप्त खलबतासाठी वापरत होता. पाचही पुणेकर मग अधूनमधून मला मराठीतून सूचना देऊ लागले आणि बाकीचे संशयाने बघू लागले, तेव्हा ते थांबवावं लागलं.

भांडण अपेक्षेप्रमाणे मोरीवर आलं. पोटातल्यांना पाणी लवकर सोडायला हवं, म्हणजे हरभरा वेळेवर पेरता येईल. खालच्या विहिरीवाल्यांना ते दिवाळीपर्यंत अडवायला हवं. दोन्ही बाजू खऱ्या. आवाज चढले. सुटका केली ती मागे घुंगट ओढून बसलेल्या बायकांमधून बऊंनी. त्या म्हणाल्या की आमच्या लग्नाच्या काळी मोरी दसऱ्याला उघडायचे, पण एकदम नाही. पंधरा दिवस थोडी थोडी, आणि ते पाणी खालच्या शेतांना पलेव्याला, म्हणजे पेरणीआधीच्या ओलिताला, जायचं. वर पेरणी, खाली ओल. हे सप्टेंबरपासून त्या माझ्यासमोर कधी बोलल्या नव्हत्या, कारण मी विचारत होते उंची आणि लांबी. सगळे गप्प झाले. मी तिथेच वहीत विसर्गाचा हिशेब मांडून बघितला. नऊ इंची पाइप आणि झडप असेल तर बसत होतं.

संध्याकाळपर्यंत पंधरा सह्या झाल्या. काका उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मौनिया. कवड्यांचे पट्टे बांधून, हातात मोरपिसांचा जुडगा घेऊन पुरुष मौन धरतात आणि दिवसभरात बारा गावांना पायी फिरतात. ढोलकीवर दिवारी नाचतात, काठ्या कडकडतात. व्रत बारा वर्षांचं. एकदा घेतलं की दर दिवाळीला गावी येणं भाग. मोशीच्या मुकादमाने रजा नाकारली तरी. पुण्याच्या बांधकामांवर दिवाळीत माणसं का टिकत नाहीत याची कारणं मी आजवर पुष्कळ ऐकली होती, त्यांत हे कधी नव्हतं. सोळावा खातेदार यांच्यातच होता, आदल्या रात्री उशिरा पोचलेला. त्याच्याशी काय बोलणार? तो दुपारी फक्कीची रेघ पाहून गेला, मान हलवली. मान हलवण्यावर मी कागद पुढे केला नाही. सूर्य मावळल्यावर गाईची पूजा करून त्याने मौन सोडलं आणि पहिलं वाक्य बोलला ते, "पाइप कितने इंची को?"

भाऊबीजेला मला काम नव्हतं. हे मात्र अवघड गेलं. गाव बहिणींनी भरलेलं. सासरहून आलेल्या, टिळे लावणाऱ्या. हरदौल हा सतराव्या शतकातला ओरछ्याचा राजपुत्र. भावाच्या संशयापायी विष पिऊन मेला, आणि मेल्यानंतरही बहिणीच्या मुलीच्या लग्नात भात घेऊन, म्हणजे मामाचा आहेर घेऊन, हजर झाला अशी कथा आहे. अजूनही लग्नाचं पहिलं निमंत्रण त्याला जातं. बऊंच्या सुनेने मला विचारलं, "तुमाओ भैया?" मी म्हटलं लांब आहे. ती म्हणाली, मग हरदौलला टिळा लावा, ज्यांचे भाऊ लांब त्या इथे लावतात. लावला. दादाला नंतर व्हिडिओ कॉल केला तर तो आईशेजारी रिकाम्या पाटावर बसला होता, आणि आम्ही दोघंही हवापाण्यावर बोललो. हे सोसण्यासारखं नाही असं कुणी मला म्हणालं, तर मी वाद घालणार नाही.

चार-पाच दिवसांत गाव ओसरू लागलं. काही देवउठनी ग्यारसपर्यंत थांबले, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीपर्यंत. मीही त्यांच्याबरोबरच निघाले. तोवर आणखी एक सही आली. सतरा. काका आणि एकजण जो त्या दिवाळीला आलाच नाही, हे दोघे उरले.

त्यावरचा उपाय पुण्यात माझ्या टेबलावर सापडला. सांडव्याची पातळी दीड फूट खाली घेतली की त्या दोघांची शेतं बुडिताबाहेर राहतात. साठा कमी होतो, पण होतो. बांधाचं काम मे-जूनमध्ये झालं.

शेवटी, असं काही करायला निघणाऱ्यांसाठी एवढंच: ज्या भागातली माणसं पोटासाठी बाहेर जातात तिथे काम करणार असाल, तर जाण्याआधी त्यांचा परतीचा सण कोणता ते विचारून घ्या. बुंदेलखंडात दिवाळी, कोकणात गणपती, शिमगा. रजा त्या सणाची मागू नका. त्यानंतरच्या आठवड्याची मागा. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, आणि सण संपल्यावर पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना जागा मिळणं जाताना मिळण्याइतकंच कठीण असतं, तेव्हा तिकीट आधी काढा.